सुटत नाही, म्हणून घ्यायचीच नाही?

‘बीपीची गोळी एकदा लागली की जन्माची सुटत नाही, म्हणून लावूच नये.’ महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात हा सल्ला फुकट मिळतो आणि न मागता मिळतो. आंबेनळी घाटाच्या वाटेवर कापड्याच्या नाक्यावर मिळतो, उमरठला देवळाच्या पायरीवर मिळतो, गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्याच्या तोंडून तर हमखास मिळतो. देणारी माणसं अडाणी नसतात. निवृत्त गुरुजी असतात, माजी सरपंच असतात, पतपेढीचे संचालक असतात. म्हणून या सल्ल्याची थट्टा करून भागणार नाही, त्याला उत्तरच द्यायला हवं. शिवाय त्यातलं अर्धं खरं आहे. रक्तदाबाची गोळी बहुतेकांची खरोखरच सुटत नाही. खोटं आहे ते पुढचं, ‘म्हणून लावूच नये’ हे.

तंबाखूही सुटत नाही, पण तो सुटत नाही कारण शरीर त्याला चटावतं. ॲम्लोडिपिनला किंवा टेल्मिसार्टनला कुणी चटावत नाही. गोळी थांबवली की दाब परत चढतो, तो गोळीने लावलेल्या सवयीमुळे नव्हे. मुळात जिथे होता तिथे तो परत जातो, एवढंच. चष्मा काढल्यावर अक्षर पुसट दिसलं तर आपण चष्म्याला दोष देत नाही. याला अपवाद आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल यांसारख्या बीटा ब्लॉकर गोळ्या किंवा क्लोनिडिन एकदम बंद केली तर दाब आणि नाडी पूर्वीपेक्षाही वर उसळू शकतात, आणि हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच चिंचोळ्या असतील तर त्या उसळीत हार्ट ॲटॅकही येऊ शकतो. हे १९७०च्या दशकापासून ठाऊक आहे. पण यातून ‘घेऊ नये’ हा निष्कर्ष निघत नाही. निघतो तो एवढाच, की आपल्या मनाने बंद करू नये. बंद करायचीच असेल तर डॉक्टरच्या देखरेखीखाली, पायरीपायरीने. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. सुरू करताना माणूस सहा महिने विचार करतो आणि बंद करताना सहा मिनिटंही करत नाही.

‘आमच्या आजोबांना कुठे होतं बीपी?’ हा दुसरा मुद्दा. आजोबांना होतं, मोजायला यंत्र नव्हतं. त्यांच्या पिढीतले किती जण ‘बसल्या जागी गेले, कोणाला त्रास दिला नाही’ आणि किती जणांना ‘वारं गेलं, अंग पडलं’, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून पाहावं. ज्याच्या उशाशी यंत्र होतं त्याचं काय झालं, तेही नोंदलेलं आहे. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले तेव्हा त्यांचा दाब ३००/१९० होता. जगातल्या सर्वांत बलाढ्य माणसापाशी त्या वेळी उपाय होते ते मीठ कमी करणं, विश्रांती, आणि झोपेच्या जातीची औषधं. आज पितळवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाणाऱ्या शेतकऱ्याला जी गोळी मिळू शकते, ती रूझवेल्टना मिळू शकत नव्हती.

गोळीने फरक पडतो याचा पहिला भक्कम पुरावा १९६७ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतून आला. खालचा दाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी निम्म्यांना औषध दिलं, निम्म्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. पोकळ गोळ्यांच्या गटात २७ जणांवर गंभीर संकट ओढवलं, औषधाच्या गटात दोघांवर. त्यानंतर अर्ध्या शतकात लाखो माणसांवर अभ्यास झाले. २०१६ साली ‘द लॅन्सेट’मध्ये त्यांची एकत्र मांडणी झाली. वरचा दाब १० अंकांनी उतरवला की पक्षाघाताचा धोका सुमारे २७ टक्क्यांनी आणि हृदयविकाराचा सुमारे १७ टक्क्यांनी घटतो, असा तिचा निष्कर्ष आहे.

‘डोंगरातली माणसं दिवसभर चालतात, त्यांना कसलं बीपी?’ चालतात हे खरं. पण चालणं हे सगळ्याचं उत्तर असतं तर आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत खेड्यांतल्या प्रौढांमध्येही तिघांमागे जवळपास एकाला रक्तदाब सापडला नसता. आमच्या चालण्याच्या जोडीला मीठही आहे. मृगाच्या बेगमीला भरलेले सुके बोंबील, सुकट, लोणच्याची बरणी, पापड, आणि वरून पेजेत मिठाचा खडा. पावसाळ्याचे चार महिने भाजी मिळत नाही म्हणून हे खाल्लं जातं. त्यासाठी कुणाला दोष देण्याचं कारण नाही. पण ते खाऊन ‘आम्हाला बीपी होऊच शकत नाही’ म्हणणं हा अंगावरचा घाम पाहून काढलेला निदानाचा निकाल झाला.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. ‘हा सगळा डॉक्टर लोकांचा आणि कंपन्यांचा धंदा आहे.’ धंदा आहे, नाकारत नाही. पण हे वाक्य महाडात उच्चारताना तरी दोनदा विचार करावा. कारण कमिशनबाजीविरुद्ध उघडपणे उभा राहिलेला डॉक्टर महाडचाच. डॉ. हिंमतराव बावस्करांनी २०१३ साली एका तपासणी केंद्राकडून रुग्ण पाठवल्याबद्दल आलेला बाराशे रुपयांचा धनादेश परत केला आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. आणि याच डॉक्टरांचं नाव जगात झालं ते एका रक्तदाबाच्या गोळीमुळे.

ती हकिगत आमच्या भागात सगळ्यांना अर्धीमुर्धी ठाऊक असते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. भातकापणीच्या दिवसांत, जांभ्याच्या दगडांत, कौलांत, लाकडाच्या ढिगात लाल विंचू निघतो. तो डसलेली धडधाकट पोरं घामाने न्हाऊन निघत, हातपाय गार पडत, श्वास घुसमटे, तोंडाला लालसर फेस येई आणि रात्रीत खेळ संपे. विंचवाच्या विषाने शरीरातलं ॲड्रेनलीन आणि त्याच्या जातीची रसायनं एकाएकी उसळतात, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, दाब भडकतो, हृदय त्या ओझ्याखाली थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. विंचू उतरवणाऱ्यांपासून अँटिहिस्टॅमिन आणि स्टेरॉइडच्या इंजेक्शनांपर्यंत सगळं चाले, पण आवळलेल्या रक्तवाहिन्या त्यातलं काहीच सोडवत नसे. बावस्करांनी रात्र-रात्र रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. त्यांतून त्यांचं बोट प्रॅझोसिनवर गेलं. प्रॅझोसिन ही तेव्हा बाजारात असलेली, स्वस्त, रक्तदाबाची गोळी. ती आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. १९८६ साली हे ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आलं. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण शेकडा तीसच्या घरातून शेकडा चारच्याही खाली उतरलं. पुढे २०११ साली महाडमधूनच ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या चाचणीने प्रॅझोसिनच्या जोडीला विंचवाची प्रतिविषलस दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो हे दाखवलं. २०२२ साली बावस्करांना पद्मश्री मिळाली.

या हकिगतीतला भाषणांत वगळला जाणारा भाग मला महत्त्वाचा वाटतो. प्रॅझोसिनची एक खोड आहे. पहिल्याच मात्रेनंतर माणूस एकदम उभा राहिला तर दाब धाडकन खाली येऊन तो कोसळू शकतो. म्हणून विंचवाच्या रुग्णाला ती देताना वजनानुसार मात्रा ठरवायची, रुग्णाला आडवं ठेवायचं, पोराला कडेवर उचलू द्यायचं नाही, दाब पुन्हा पुन्हा मोजायचा आणि हातपाय ऊबदार होईपर्यंत ठरल्या अंतराने पुढची मात्रा द्यायची. यातलं काहीही सोडलं असतं तर तीच गोळी बदनाम झाली असती. साइड इफेक्ट आहे म्हणून बावस्करांनी गोळी फेकून दिली नाही. साइड इफेक्ट कधी आणि कसा येतो हे समजून घेऊन ती दिली. ‘इंग्रजी औषधाला साइड इफेक्ट असतात’ म्हणून घरातली पट्टी कचऱ्यात टाकणाऱ्याला याहून जवळचं उत्तर कुठून आणून द्यायचं?

साइड इफेक्टवाल्यांचा पुढचा डाव ठरलेला असतो. ‘त्यापेक्षा झाडपाला बरा, त्याला काही होत नाही.’ रक्तदाबावरच्या पहिल्या परिणामकारक औषधांपैकी एक झाडपाल्यातूनच आलं आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेच्या मुळाचा रक्तदाबावरचा गुण मांडला आणि जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष आपल्या मुळीकडे गेलं. १९५७ साली त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. याच सर्पगंधेतून निघालेल्या रेसर्पिनने काही रुग्णांना घोर नैराश्य आलं. मुळी रानातली, नाव संस्कृत, आणि तरी साइड इफेक्ट. ज्याला काहीच होत नाही त्याने बहुधा दाबालाही काही होत नाही. कुणाला वैद्याकडे जायचं तर खुशाल जावं, पण काय घेतो ते डॉक्टरला सांगावं आणि डॉक्टरची गोळी वैद्याला दाखवावी. पुडीत काय आहे ते न सांगणाऱ्याकडची पुडी घेऊ नये.

आक्षेप घेणारे बाजूला राहू द्या. मला जास्त काळजी वाटते ती गोळी ‘घेणाऱ्यांची’. ‘घेतो ना, डोकं दुखलं की घेतो.’ उच्च रक्तदाबाने बहुतेकांचं डोकं दुखत नाही, चक्करही येत नाही. तो गुपचूप मूत्रपिंड, डोळे आणि हृदय पोखरतो. वाटेल तेव्हा गोळी घेणाऱ्याचा दाब सारखा वरखाली होत राहतो आणि त्याला वाटतं औषध चालू आहे. ॲम्लोडिपिनसारखी गोळी शरीरात दीड-दोन दिवस रेंगाळते, म्हणून एखादी चुकली तर आभाळ कोसळत नाही. आठवल्यावर घ्यावी. पुढची वेळ जवळ आली असेल तर सोडून द्यावी. दोन एकदम घेऊ नयेत. पण हेच औषध घोट्यांना सूज आणतं, आणि मग सूज उतरवायला कुणीतरी ‘पाणी काढायची गोळी’ सुचवतं, तिने अशक्तपणा येतो, त्यासाठी सलाईन. पहिल्या डॉक्टरकडे जाऊन ‘पाय सुजतात’ एवढं सांगितलं असतं तर मात्रा कमी झाली असती किंवा गोळी बदलली असती. लावणीत चिखलात वाकून कंबर धरली की टपरीवर मिळणारी डायक्लोफेनॅक दाब वाढवते आणि मूत्रपिंडांवर भार टाकते, हेही कुणी सांगत नाही. सर्दीच्या काही गोळ्यांचं तेच. मुंबईचा मुलगा एका नावाची पट्टी आणतो, गावच्या दवाखान्यातून दुसऱ्या नावाची मिळते. दोन्ही एकच औषध असतं आणि आई दोन्ही घेते. पट्टीवर बारीक अक्षरात लिहिलेलं मूळ औषधाचं नाव वाचायला शाळकरी नातवाला सांगितलं तरी हा घोटाळा थांबतो.

‘बीपी एकदम उतरवून द्या’ ही मागणीही अशीच जिवावरची. एके काळी निफेडिपिनची कॅप्सूल फोडून जिभेखाली सोडायची पद्धत होती. दाब झरझर उतरायचा आणि सगळे खूश व्हायचे. त्या झरझर उतरण्यानेच पक्षाघात आणि हार्ट ॲटॅक आल्याच्या नोंदी साठत गेल्या, आणि १९९६ साली ‘जामा’ या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ही पद्धत थांबवा असं स्पष्ट लिहून आलं. यंत्रावर १८० दिसलं आणि माणूस बाकी ठीक असेल, तर त्याला बसवा, पाच मिनिटांनी पुन्हा मोजा, रोजची गोळी चुकली आहे का विचारा आणि डॉक्टरला गाठा. छातीत दुखतंय, धाप लागली आहे, बोलणं अडखळतंय किंवा हात लुळा पडलाय, तर मात्र यंत्र बाजूला ठेवून रुग्णवाहिकेसाठी १०८.

छातीदुखीच्या गोळ्यांविषयीचा गोंधळ त्याहून धोक्याचा आहे. एकच गोळी दोन कामं करते हे बहुतेकांना कुणी समजावलेलंच नसतं. ॲम्लोडिपिन किंवा मेटोप्रोलोल दाब उतरवते, आणि चढणीला छातीत भरून येणं, जबडा-डावा हात जड होणं, थांबलं की बरं वाटणं, हा जो अंजायनाचा त्रास असतो, तोही आवरते. मग होतं असं. शिबिरात दाब १३०/८० भरतो, कुणीतरी म्हणतं ‘नॉर्मल आहे, आता कशाला घेता?’ आणि माणूस गोळी बंद करतो. दाब नॉर्मल होता तो गोळीमुळे, आणि त्याच गोळीने छाती शांत ठेवली होती. आठवड्याभरात तो घाटाच्या चढाला ओझं घेऊन निघतो. ज्याला छातीसाठी गोळी दिली आहे त्याने यंत्रावरचा आकडा पाहून ती कधीही थांबवू नये.

रोजची गोळी वेगळी आणि जिभेखालची वेगळी. जिभेखालची, आपण जिला सरसकट सॉर्बिट्रेट म्हणतो ती, दुखणं उठलं की घ्यायची. बसून घ्यायची, उभ्याने नाही. गिळायची नाही. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर १०८. ‘वायू धरलाय’ म्हणून खाण्याचा सोडा पिऊन बसायचं नाही. आंबेनळीच्या वाडीतून महाड गाठायला जो वेळ लागतो तो सोड्याच्या ढेकरा देण्यात घालवण्याजोगा नाही. ‘प्रत्येकाच्या खिशात सॉर्बिट्रेट हवी, हार्ट ॲटॅक थांबतो’ हा मोबाइलवर फिरणारा निरोपही सपशेल चुकीचा आहे. ही गोळी अंजायनाची कळ शमवते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या, ५८ हजारांहून जास्त रुग्णांच्या ‘आयसिस-४’ अभ्यासात नायट्रेटच्या गोळ्यांनी हार्ट ॲटॅकमधले मृत्यू लक्षणीय कमी झाले नाहीत. कमी केले होते ते साध्या ॲस्पिरिनने, १९८८च्या ‘आयसिस-२’ अभ्यासात, जवळपास चौथ्या हिश्श्याने. तीही १०८वरच्या डॉक्टरला विचारून घ्यावी, कारण रक्तस्रावाच्या रुग्णाला ती घातक ठरते. आणि ज्याचा दाब आधीच खाली आहे, अशाच्या जिभेखाली शेजाऱ्याची सॉर्बिट्रेट ठेवली तर तो तिथेच कोसळू शकतो.

एक गोष्ट चारचौघांत कुणी काढत नाही, म्हणून इथे काढतो. ‘ताकदीची गोळी’ म्हणून मेडिकलमधून कागदात गुंडाळून जी घेतली जाते ती बहुधा सिल्डेनाफिल असते. ती घेतल्यापासून २४ तासांत सॉर्बिट्रेट घेतली तर दाब इतका पडू शकतो की माणूस परत येत नाही. टाडालाफिल असेल तर ४८ तास. रुग्णवाहिकेत डॉक्टर विचारतील तेव्हा मुलासमोर, सुनेसमोर सांगायला लाज वाटेल. लाज वाटली तरी सांगावं. घरच्यांनीही त्या क्षणी भुवया उंचावू नयेत.

शेवटचा आक्षेप मला मान्य आहे. ‘नियमित घ्या म्हणता, पण गोळ्या मिळतात कुठे नियमित?’ इथे वाद गावकऱ्याशी नाही, सरकारी व्यवस्थेशी आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातले पहिले चार जिल्हे होते सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. आंबेनळी चढून गेलं की जो जिल्हा लागतो तो सातारा. तिथे जे केलं त्यात जादू नव्हती. मोजकी दोन-तीन औषधं, सगळीकडे एकच ठरलेली रीत, प्रत्येक रुग्णाचं कार्ड, महिन्याभराच्या गोळ्या एकदम, आणि जो आला नाही त्याला हाक. २०२२ साली या उपक्रमाला संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला. पुढे तो इतर जिल्ह्यांत पसरला, पण घाटाखालच्या आमच्या वाड्यांसाठी महिन्याभराचा हिशेबही अपुरा आहे.

जुलै २०२१ आठवा. महाड सावित्रीच्या पुरात बुडालं, तळीये दरडीखाली गेलं, पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळ्यावर दरडी आल्या, आंबेनळीचा रस्ता खचून बंद पडला. घराबरोबर केसपेपर वाहून गेले, गोळ्यांच्या पट्ट्याही गेल्या. मदतीच्या गाड्यांतून तांदूळ, चादरी, बिस्किटं आली. मेटोप्रोलोलवर असलेल्या म्हातारीची मात्रा काय होती हे तिलाच ठाऊक नव्हतं. तेव्हा ज्याच्या-त्याच्याकडे औषधाच्या नावाची चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि तिचा फोटो मुंबईच्या मुलाच्या मोबाइलवर असायला हवा, एवढं घरच्या घरी करता येतं. उरलेलं तालुक्याने करायचं आहे. एप्रिल २०२०च्या टाळेबंदीत केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने रक्तदाब-मधुमेहाच्या जुन्या रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या उपकेंद्रातून किंवा आशाताईंमार्फत घरपोच द्यायची मुभा दिली होती. साथीत जे नियमात बसलं ते पावसाळ्यात का बसू नये? तीन महिने तपासणीशिवाय गोळ्या कशा द्यायच्या, असं विचारलं जाईल. उपकेंद्रावर दाबाचं यंत्र आहे आणि आशाताई वाडीतच राहतात, महिन्यातून एकदा दाब मोजून घेता येईल. साठा पुरत नाही, असंही सांगितलं जाईल. मग मे महिन्यात लागणाऱ्या साठ्याची मागणी फेब्रुवारीत नोंदवा. आंबेनळी कधी बंद पडते हे तालुक्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.